रविवारची फोर्टवारी

'सुट्टीत मुंबईत मॉल सोडून जायचं तरी कुठे?' असं कुणीतरी विचारलेलं वाचलं आणि राहवलं नाही.

मी डोंबिवलीकर. रविवारी सकाळी लवकर स्लो लोकल पकडतो, म्हणजे खिडकी मिळते आणि मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत पोचता येतं. (लिखाणाचा निम्मा माल या प्रवासातच मिळतो. परवा समोरच्या दोन काकू दिव्यापासून भायखळ्यापर्यंत एकाच सुनेवर बोलत होत्या!) सीएसएमटीहून चालत फोर्ट भागातला हुतात्मा चौक. तिथे हुतात्मा स्मारक आणि शेजारी १८६४चं फ्लोरा फाउंटन. आठवडाभर जिथे पाय ठेवायला जागा नसते, तिथे रविवारी मान वर करून दगडी इमारती निवांत बघता येतात. मग काळा घोडा परिसर. डेव्हिड ससून लायब्ररीच्या व्हरांड्यातल्या आरामखुर्च्या बघून दर वेळी सभासद व्हायचं ठरवतो, अजून झालेलो नाही.

शेवटी इराण्याकडे बनमस्का आणि पानी कम चहा. वही उघडतो, चार ओळी खरडतो. बहुतेक वेळा त्यातल्या तीन घरी येऊन खोडतो.

पावसाळ्यात मात्र हा बेत करू नका. छत्रीसकट भिजाल.