कायटिनवर वलय येतंय, म्हणून जिवाणू बुरशीभक्षी म्हणायचे का?

करवीर_माती:
पन्हाळ्याच्या जांभ्या मातीतून कायटिन (बुरशीच्या पेशीभिंतीतलं द्रव्य) घातलेल्या आगरवर जिवाणूंचे सहा आयसोलेट (वेगळे काढलेले वाण) मिळालेत. पाच दिवसांत कॉलनीभोवती स्वच्छ वलय. भुईमुगाच्या बुंध्यावरून काढलेल्या स्क्लेरोशियम रॉल्फसी बुरशीसमोर पीडीएवर (बटाटा-डेक्स्ट्रोज आगरवर) लावले तर दोन आयसोलेट बुरशीला अडवतात. एवढ्यावर ‘बुरशीभक्षी’ लिहिलं तर गाईड खोडतात. पुढं काय करू?

तंतुमय:
गाईडचं बरोबर आहे. वलय म्हणजे कायटिनेज (कायटिन तोडणारं विकर) बाहेर पडतंय, बास. मेलेल्या बुरशीवर जगणारे स्ट्रेप्टोमायसीस जिवाणूही ते करतात. पीडीएवर बुरशी अडणं हे नुसतं अँटिबायोटिकचंही काम असू शकतं. अडवणारा खातोच असं नाही. बुरशीच्या जिवंत तंतूंच्या जिवावर जिवाणूंची संख्या वाढली तरच भक्षण. कोलिमोनास फंगिव्होरान्स या जातीचं नावच त्यावरून पडलं (२००४, हॉलंडच्या किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांतली).

धुतलेल्या आगरचं १ टक्क्याचं वॉटर आगर (अन्न न घातलेलं, नुसतं पाणी आणि आगर) घ्या. साध्या आगरमधल्या अशुद्धीवरही जिवाणू थोडे वाढतात. पेशी ५००० जीला १० मिनिटं फिरवून १० मिलिमोलर फॉस्फेट बफरमध्ये तीनदा धुवा, प्लेटला साधारण एक लाख पेशी पसरा. बुरशीचा ५ मिमीचा तुकडा पीडीएवरून थेट उचलू नका, त्याच्यासोबत साखर येते आणि सगळा प्रयोग तिथंच फसतो. आधी एकदा वॉटर आगरवर वाढवा आणि कडेचा तुकडा घ्या.

कंट्रोल (तुलनेच्या प्लेटा): नुसते जिवाणू, नुसती बुरशी, मारलेली बुरशी + जिवाणू, आणि ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेलं बुरशी वाढवलेलं पाणी + जिवाणू. शेवटचा सोडू नका. रॉल्फसी ऑक्झॅलिक आम्ल भरपूर सोडते. ऑक्झॅलेट खाणारा जिवाणू तंतूला हात न लावताही मजेत वाढेल. ऑटोक्लेव्ह केलेले (दाबाच्या वाफेत मारलेले) तंतू आतलं सगळं बाहेर टाकतात, तेव्हा त्या प्लेटवर जास्त वाढ दिसली तर दचकू नका.

करवीर_माती:
धन्यवाद सर. मोजणी कशी करायची? एकाच संचाच्या प्लेटांत आकडे दहा-दहा पटीनं बदलतात.

डायल्यूशन:
पेशी तंतूंना चिकटून बसतात म्हणून. अख्खं आगर खरवडून ०.१ टक्का सोडियम पायरोफॉस्फेटमध्ये घ्या, काचेचे मणी टाकून मिनिटभर व्हॉर्टेक्स करा, मगच दहापट डायल्यूशन. ३० ते ३०० कॉलनींच्या प्लेटाच मोजा. मोजायच्या माध्यमात सायक्लोहेक्झिमाइड (बुरशी रोखणारं द्रव्य) मिलीला १०० मायक्रोग्रॅम टाका, नाहीतर रॉल्फसी दोन-तीन दिवसांत प्लेट झाकते. पूड विषारी आहे, ग्लव्ह्ज हवेतच.

सहापैकी कोणी पावडरी, मातीच्या वासाचा असेल तर तो बहुधा स्ट्रेप्टोमायसीस. तो तंतूंनीच वाढतो, कॉलनी मोजून त्याची संख्या कळत नाही. त्याला क्यूपीसीआर (डीएनए मोजणारी चाचणी) लावा.

तंतुमय:
सोबत इव्हान्स ब्लू रंगाची चाचणी करा: ०.०५ टक्का, पाच मिनिटं, पाण्यानं धुऊन ४० एक्सखाली. मेलेला तंतू निळा, जिवंत बिनरंगी. जिवाणू आधीच निळ्या तंतूवरच बसलेले दिसले तर भक्षणाचा दावा ढिला पडतो. आणि एप्रिल-मेमध्ये प्लेटा बेंचवर ठेवू नका, २५ अंशांवर बीओडी इनक्युबेटरमध्येच.