गोष्ट संपायच्या आधी स्टेटसला! संमेलनाच्या मांडवात मोबाईल हवा का?

माइकवाला : थंडी पडली की आपल्या बेळगाव-खानापूर भागात रविवारी कुठल्या ना कुठल्या गावात साहित्य संमेलन असतंच. सकाळी ग्रंथदिंडी, मग अध्यक्षांचं भाषण, जेवण, कविसंमेलन, कथाकथन. बरीच वर्षं मांडवात माइक सांभाळतोय म्हणून लिहितो. एका कथाकारांनी म्हशीच्या बाजाराची गोष्ट लई रंगात आणलेली. शेवटाला आले आणि पुढच्या चार रांगांतले हात वर. मोबाईल धरायला! लोक हसले, पण टाळी पडली नाही. एका हातानं वाजणार कशी? रात्रीपर्यंत शेवटचा दीड मिनिटाचा तुकडा सगळ्या ग्रुपवर. पुढच्या रविवारी दुसऱ्या गावात त्यांनी तीच गोष्ट काढली, तर मागून एका पोरानं शेवटचं वाक्य आधीच ओरडून टाकलं. या माणसाकडं हंगामाला चार-पाच गोष्टी. त्यातली एक गेली. माझं मत : मांडवात शिरलं की मोबाईल खिशात. भाषण असो नाहीतर गोष्ट.

पुण्यातला खानापूरकर : आणि पोटासाठी गाव सोडलेल्यांनी काय करायचं? गेल्या साली दिंडी मी हिंजवडीच्या बसमध्ये बघितली, चुलतभावाच्या फेसबुक लाईव्हवर. लेझीम आली नेमकी तेव्हा नेट गेलं, ते सोडा. पेपरात तासाभराच्या भाषणाच्या दहा ओळी येतात. त्यातल्या सहा ओळी व्यासपीठावर कोण कोण होतं याच्या.

तिसऱ्या रांगेतली : तुमचा भाऊ मधल्या वाटेत उभा होता ओ. आम्हा बायकांना दिंडीऐवजी त्याची पाठ दिसली. आणि आपला भाग सीमावादातला आहे ते विसरू नका. वक्ता भाषेवर बोलला की एकच वाक्य कापून फिरतं. आधीचा 'जर' आणि नंतरचा 'पण' गळतो, आणि आयोजकांची झोप उडते.

टिळकवाडी : भाषण टिपून न्यायची रीत बेळगावला नवी नाही. १ मे १९१६ ला टिळक इथं होमरूलवर बोलले. ते भाषण आणि नगरची दोन, पोलिसांच्या टिपणांवरून त्यांच्यावर कारवाई झाली, चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून २० हजारांचा जातमुचलका मागितला. नोव्हेंबरात मुंबई हायकोर्टात जीनांनी बाजू मांडली. कोर्टानं सुटी वाक्यं न धरता भाषणं सबंध वाचली आणि हुकूम रद्द केला. टिपणानं अडकवलं, पण पुरं होतं म्हणून सोडवलंही. तेव्हा बंदी नको. आयोजकांनीच अख्खं भाषण त्याच रात्री टाकावं, म्हणजे कुणी तुकडा फिरवला तर समोर धरता येईल.

माइकवाला : टिळकांच्या सभेत पोलीस लिहीत होते, अख्खा मांडव नव्हे! पण भाषणाचं पटलं. ते लांब जावं म्हणूनच करतात. गोष्टीचं नाही पटत. ती पुन्हा सांगायची असते.

काळा कोट : १९५७ चा कॉपीराइट कायदा बघा. त्यातल्या कलाकाराच्या व्याख्येत नट-गायकांबरोबर व्याख्यान देणारा आहे, गारुडीसुद्धा आहे. विनापरवानगी चित्रण करून पसरवता येत नाही, आणि हा हक्क ५० वर्षं टिकतो. स्वतःपुरतं बघायला सूट आहे. स्टेटस म्हणजे स्वतःपुरतं नव्हे.

पुण्यातला खानापूरकर : गारुड्याला विचारू की. सापाचं काय?

काळा कोट : त्याला आधी पुंगी ऐकू येऊ दे.

घरचा धाकटा : भांडा तुम्ही. तो म्हशीचा तुकडा माझ्या आईनं सात वेळा बघितला. चार साल अंथरुणावर आहे. आता रोज विचारते, म्हैस त्यानं घेतली कुणाकडनं? सुरुवात कुणाकडं आहे का?

तिसऱ्या रांगेतली : मी पहिल्यापासून ऐकलीय, पण मला तशी जमायची नाही. शेवटाला माझंच हसू आवरत नाही.

माइकवाला : कथाकारांना फोन केला. बुधवारी येतो म्हणाले, चहा ठेवा. मोबाईल मात्र दुसऱ्या खोलीत ठेवायचा, असं बजावून सांगितलंय.