मदत हवी आहे: १९१७ च्या एक रुपयाच्या नोटेवरचा सेलोटेपचा डाग

पंचम जॉर्जची एक रुपयाची नोट, तेव्हाचे सरकारी वित्त अधिकारी गब्बे यांची सही. मधल्या घडीवर सुमारे ३ सेंमी चीर, मागून कुणीतरी लावलेली सेलोटेप. टेपचं प्लॅस्टिक सुटलंय, पण पिवळा गोंद कागदात मुरलाय.

पाण्यात धुणार नाही, हे नक्की. कागदाला ताठपणा देणारी खळ निघून तो लुळा पडतो आणि जाणकाराला ते लगेच कळतं. खोडरबरानं छपाईच घासली जाईल. नोट टिपकागदावर पालथी ठेवून ॲसिटोनचा थेंब दिला, तर शाई टिकेल का? या मालिकेच्या नोटांवर कुणी करून पाहिलंय?

चीर जपानी कागद (दुरुस्तीचा पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या घट्ट खळीनं सांधावी, की तशीच ठेवावी? पीव्हीसीचं पाकीट दमट हवेत चिकट होतं, म्हणून सध्या पॉलिएस्टरच्या पाकिटात सपाट ठेवली आहे.