मदत हवी आहे: स्वतःच्या कामाबद्दल 'मी केलं' असं लिहायचं कसं? (अमेरिकेची गणवेशधारी आरोग्यसेवा)

नमस्कार मंडळी,

मी मूळची सांगलीकडची. फार्मसीचं शिक्षण अमेरिकेत झालं, नागरिकत्व मिळाल्यावर इथल्या पब्लिक हेल्थ सर्व्हिसच्या कमिशन्ड कोअरमध्ये, म्हणजे गणवेशधारी आरोग्य अधिकाऱ्यांच्या दलात, रुजू झाले. सध्या न्यू मेक्सिकोमध्ये, मूळ रहिवाशांसाठीच्या एका सरकारी रुग्णालयात आहे. हुद्दा लेफ्टनंट. त्यावरच्या लेफ्टनंट कमांडर हुद्द्याच्या बढतीत यंदा माझं नाव आलं नाही, त्यासंबंधी सल्ला हवा आहे.

खाकी गणवेशातला फोटो पाहून गावाकडे सगळे 'नेव्हीत आहेस का?' असं विचारतात, म्हणून थोडं सांगते. ही सेवा लष्करात मोडत नाही, आम्ही शस्त्र बाळगत नाही. १७९८ साली आजारी खलाशांच्या उपचारासाठी कायदा झाला, त्यातून खलाशांची रुग्णालयं उभी राहिली. १८७१ मध्ये जॉन वुडवर्थ त्यांचे पहिले प्रमुख झाले आणि त्यांनी तिथल्या डॉक्टरांना लष्करासारखी शिस्त आणि गणवेश लावला. ४ जानेवारी १८८९ रोजी कोअरला कायद्याचा आधार मिळाला. हुद्दे नौदलासारखेच, सेवेचे प्रमुख, म्हणजे सर्जन जनरल, हे व्हाइस अ‍ॅडमिरल. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, इंजिनिअर, पशुवैद्यसुद्धा यात आहेत. एरवी आपापल्या संस्थेत नोकरी करायची आणि वादळ, साथ आली की बॅग उचलून निघायचं. २०१४ मध्ये लायबेरियात इबोलाची लागण झालेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी मॉनरोव्हियाजवळ जे युनिट चाललं, ते याच सेवेतल्या लोकांनी चालवलं. मला या सेवेचा मनापासून अभिमान आहे.

आता अडचण. बढतीचं मंडळ मुलाखत घेत नाही, फाइल वाचतं. दरवर्षीचा कामगिरी अहवाल, वरिष्ठांचं निवेदन, शिक्षण, समित्यांवरचं काम, आणीबाणीसाठीची तयारी, सगळं त्या फाइलमध्ये. अहवालात वर्षभरात काय केलं ते आधी आपणच लिहायचं, मग वरिष्ठ गुण देतात. माझे थेट वरिष्ठ सिव्हिलियन आहेत. माणूस चांगला, पण कोअरच्या बढतीत काय बघतात याची त्यांना फारशी कल्पना नाही. मी जे लिहून देते, तेवढंच पुढे जातं.

आणि मी काय लिहिते? एक उदाहरण सांगते. चक्रीवादळानंतर दोन आठवडे एका निवारा केंद्रात ड्यूटी होती. मोठा हॉल, ओळीने खाटा, बहुतेक म्हातारी माणसं. घर सोडताना औषधांची पिशवी मागेच राहिलेली. 'रक्तदाबाची ती छोटी पांढरी गोळी' एवढंच आठवतं. इन्सुलिनवाले किती, कुणाला शेवटचं कधी टोचलं, पत्ता नाही. गावातली औषधाची दुकानं बंद. रात्री मी सलाइनच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, मार्करने रकाने आखले: खाट नंबर, कुठलं इन्सुलिन, शेवटची वेळ, जेवण झालं का. दोन नर्सना अर्धा अर्धा हॉल वाटून दिला. दोघी माझ्यापेक्षा वयाने आणि हुद्द्याने मोठ्या, त्यांना काम सांगताना माझा आवाज बारीक झाला होता, पण सांगितलं. पहाटेपर्यंत यादी पूर्ण. सकाळी टीमप्रमुखांनी विचारलं, "ही पद्धत कोणी बसवली?" मी म्हणाले, "सगळ्यांनी मिळून."

अहवालातही तसंच लिहिलं. शेरा आला: 'सहकार्याची वृत्ती उत्तम.'

माझ्या मेंटॉर कॅप्टन आहेत, त्यांनी पूर्ण फाइल वाचली. म्हणाल्या, कामं झालेली दिसतात, ती कोणी केली हे कुठेच दिसत नाही.

हे कुठून आलं तेही मला माहीत आहे. बाबा जिल्हा परिषदेत आरोग्य सहायक होते. त्यांचा गोपनीय अहवाल साहेब लिहायचे, प्रतिकूल शेरा असेल तरच कळायचं. साथीच्या दिवसांत बाबा दहा-दहा दिवस वाड्यावस्त्यांवर असायचे आणि अहवालात लिहायचे, 'विहिरींमध्ये टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकण्यात आले.' घरात शिकवण एकच, आपलीच टिमकी आपण वाजवू नये. ती शिकवण मला आजही चुकीची वाटत नाही, म्हणून तर अडलंय.

सैन्याच्या वैद्यकीय सेवेत राहिलेलं कुणी इथे आहे का? तुम्ही स्वतःच्या कामाबद्दल कसं लिहीत होता? वयाने मोठ्या माणसांना हुकूम देताना सुरुवातीला काय केलंत? अमेरिकेत सरकारी नोकरीत असलेल्यांनी, सिव्हिलियन वरिष्ठांना हे सगळं समजावण्यासाठी काय केलं तेही सांगा. लेफ्टनंट कमांडर आणि त्याखालच्या अधिकाऱ्यांचा जेओएजी नावाचा गट आहे, त्यांच्या एका उपसमितीचं नेतृत्व घेशील का असं मला विचारलंय. फाइलसाठी म्हणून घेऊ नये असं वाटतं, पण नव्याने आलेल्या अधिकाऱ्यांना मदत करायला मला खरंच आवडेल. घ्यावं का?

संपादन: खाली प्रतिक्रियांमध्ये नमुना विचारलाय म्हणून मसुद्यातलं एक वाक्य मराठीत देते. आधी होतं, 'इन्सुलिन घेणाऱ्यांची यादी करण्यात आली.' काल रात्री बदललं: 'इन्सुलिनची नोंद नव्हती, म्हणून मी यादीची पद्धत ठरवली, दोन नर्सना हॉल वाटून दिला आणि पहाटेपर्यंत प्रत्येक खाटेची नोंद पूर्ण करून घेतली.' यात त्या दोघींच्या कष्टांवर अन्याय होतोय का? महिनाअखेरीस मसुदा द्यायचा आहे.