शब्दचर्चा: रिस्टलॉक म्हणजे मनगट पिरगळणं, मुरगाळणं का मुडपणं?

प्रश्न:
मी कोल्हापुरात जिऊ-जित्सू, म्हणजे पेच टाकून समोरच्याला हार मानायला लावायची झटापट, शिकतोय, बॅचमधली निम्मी पोरं तालमीतनं आलेली. रिस्टलॉक, म्हणजे मनगट अडकवून ताण द्यायचा डाव, दाखवताना कुणी 'मनगट पिरगळ' म्हणतं, कुणी 'मुरगाळ'. मी मराठीत नोट्स काढतोय, त्यात 'मनगटाचं कुलूप' लिहिलं तर सगळे हसले. नेमका शब्द कुठला? आणि माउंटला, म्हणजे उताण्या पडलेल्यावर स्वार होऊन बसण्याला, काय म्हणायचं?

उत्तर:
भावा, कुलूप पहिलं खोडून टाक, आपल्यात लॉकला पेच हा शब्द हाय की, मनगटपेच म्हण.

आता क्रियापद. पिरगळतात तो कान, नाहीतर चोराचा हात पिरगळून पाठीमागं नेतात, म्हणजे त्यात पीळ हाय, ओलं धोतर पिळतो त्याच जातीतलं काम. मुरगळणं आपोआप होतं, खड्ड्यात पाय गेला आणि मुरगळला, आणि 'मुरगाळला' म्हटलं की दुसऱ्या कुणीतरी केलं, कोंबडीची मान मुरगाळतात तसं. मुडपणं मात्र वेगळं, आपण पाय मुडपून जेवायला बसतो, पुस्तकाचं पान मुडपतो, ओठ मुडपतो. पीळ नाही, आत दुमडणं हाय. नेहमीच्या रिस्टलॉकमध्ये समोरच्याचा तळवा त्याच्याच हाताच्या आतल्या बाजूला दाबत नेतात, म्हणून शब्द मुडपणं हाच. ऐकिदो ह्या जपानी कलेतल्या कोतेगाएशी डावात पंजा बाहेर फिरवतात, तिथं पिरगळणं चालेल. ब्राझीलवाले ह्या पेचाला 'मांव दे व्हाका' म्हणतात, म्हणजे गाईचा हात, आणि मुडपलेला पंजा बघितला की मला तरी गाईचा दुमडलेला खूरच दिसतो.

माउंटला तालमीत तयार शब्द नाही, आणि का नाही ते मला लई महत्त्वाचं वाटतं. खासबागेच्या कुस्ती मैदानात पाठ मातीला लागली की चीतपट, कुस्ती संपली, म्हणून खालचा पैलवान पालथा पडून राहतो आणि वरच्यानं 'कब्जा घेतला' म्हणतात ते पाठीवरनं. जिऊ-जित्सूत उताणा पडलेला अजून लढतच असतो. तेव्हा माउंटला सरळ 'उरावर बसणं' म्हण, मराठी माणसाला ते सांगावं लागत नाही. अशा सगळ्या वरचढ पोझिशनला मिळून 'ताबा'.

आणि ताबा का लागतो ते बघ. तू उरावर बसलायस, खालच्यानं हात छातीशी गोळा करून घेतलेत, अमेरिकाना, म्हणजे वाकवलेला हात मॅटवर दाबून खांदा पिळायचा पेच, काय लागंना. खरं त्याचं कोपर मॅटवर नाहीतर त्याच्याच बरगडीवर टेकलंय, आणि तेच आपल्याला पाहिजे, कारण कोपराला पळायला जागा असली की मनगट मुडपतच नाही, अख्खा हात मागं सरकतो. तुझं वजन त्याच्या खांद्यावर, कोपर अडलेलं, तुझे दोन्ही हात मोकळे, मग त्याच्या पंजाच्या पाठीवर तळवे ठेवून कोपराच्या दिशेनं दाबायचं. साइड कंट्रोलला, म्हणजे बाजूनं आडवं पडून दाबून धरलं असताना, त्याचं कोपर आपल्या छातीला अडवायचं, बाकी तेच. आर्मबारमध्ये, म्हणजे हात सरळ ताणून कोपराला ताण द्यायच्या पेचात, तो हाताला हात गुंफून बसला तरी मनगट मुडपलं की गुंफण सुटते. आत्ता बसल्या जागी मूठ आवळ आणि मनगट आत वाकव, बोटं आपोआप ढिली पडतात का नाही बघ.

दुसऱ्या एकाचं म्हणणं:
तालमीत 'मनगट मोड' असंही ऐकलंय मी. आणि लॉकमध्ये अडकवणं आलं ना, ते मुडपण्यात कुठं येतंय?

त्यावर:
तुमचं बरोबर हाय दादा, एकट्या मुडपण्यात अडकवणं येत नाही, म्हणून वाक्य दोन क्रियापदांचं लागतं, कोपर अडवायचं आणि मनगट मुडपायचं. मोडणं हा झाला परिणाम, तो सरावात तोंडातनं सुद्धा काढू नये असं माझं स्पष्ट मत. मागं एका क्लासात माझ्या जोडीदाराला 'पिरगळ' असं ओरडून सांगितलं, त्यानं ऐकलं तसं केलं, झटका देऊन पीळ घातला, आणि दीड महिना मला करंगळीकडच्या बाजूनं पाण्याची बादली उचलता येत नव्हती. मनगटात 8 बारकी हाडं असतात, कोपरासारखा आधी ताण जाणवून टॅप करायला, म्हणजे थाप मारून हार मानायला, वेळ मिळंल असं तिथं नसतं, दुखायला लागेपर्यंत लई उशीर झालेला असतो. आयबीजेजेएफ ह्या जिऊ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांत व्हाइट बेल्टला, म्हणजे नवशिक्यांना, हा पेच बंद हाय, मोठ्यांना पुढच्या ब्लू बेल्टपासनं चालतो. सुश्रुतानं 107 मर्मं, म्हणजे शरीरातल्या नाजूक जागा, सांगितली त्यात मनगटाचं मर्म मणिबंध, आणि त्याची गणती रुजाकर म्हणजे वेदना देणाऱ्या मर्मांत केलीय, मनगट धरून शिकणाऱ्या प्रत्येकानं हा शब्द माहीत करून घ्यावा.

नोट्समध्ये 'मुडप' असं पण लिहू नको भावा, 'मुडपत ने' लिही. 'पिरगळ' म्हटलं की हात झटका देतो, 'मुडपत ने' म्हटलं की हळू जातो, आणि खालच्याला टॅप करायला तेवढा वेळ मिळतो.