कार्यालयात समूहवादन: खंजेरी चालेल का?

प्रश्न: आमच्या शेतमाल कंपनीत २२ जण आहेत आणि तुरीची खरेदी सुरू झाली की काट्यावरचे हमाल व संगणकावरची मुले एकमेकांवर डाफरू लागतात. मागे शहरातील प्रशिक्षकांनी पश्चिम आफ्रिकेतील जेंबे ढोल आणून दोन तास वाजवून घेतले. मजा आली, परंतु वाद्ये गाडीत परत गेली आणि विषय संपला. इथल्या वाद्यांवर हे जमेल का?

उत्तर १: अवश्य जमेल. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजेरी आपल्याकडे घरोघरी ओळखीची असल्यामुळे गावच्या भजनी मंडळाकडून पाच-सहा सहज मिळतील. आठ मात्रांचा, म्हणजे आठ ठोक्यांचा, केरवा ताल घ्यावा. अर्ध्यांनी पहिल्या मात्रेवर आणि अर्ध्यांनी पाचवीवर थाप द्यावी, म्हणजे दुसऱ्याचे ऐकल्याशिवाय आपली थाप पडतच नाही. लय हमखास पळते, आणि बहुधा ती साहेबच पळवतात; त्यांना झांजा द्याव्यात.

उत्तर २: दादा, एक हरकत आहे. दिवसभर पोती वाहिलेल्या माणसाला सायंकाळी थांबवून घेणे मला पटत नाही. कामाच्या वेळेतच, मजुरी न कापता करावे.

उत्तर ३: डफ घेणार असाल तर पावसाळी हवेत कातडे सैल पडते, ते विस्तवावर शेकावे लागते. आमच्याकडे हे काम हमालांनाच येत होते; संगणकवाली मुले तुराट्या आणून देत शेजारी बसली. खरी ओळख तिथेच झाली.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. शनिवारी जेवणाच्या सुटीनंतरचा एक तास ठरवला आहे.