केगमधला गॅस रात्रीत गायब, लीक काही सापडेना

गंगापूररोडकर
मंडळी मदत करा. मित्राचा जुना बिअरचा ड्राफ्ट सेटअप घेतलाय, १९ लिटरचा बॉल लॉक केग (स्टीलचा बंद पिंप, नळ्या खटकन बसतात असा), रेग्युलेटर, नळ, सीओटूचा छोटा सिलेंडर. बिअर नाही भरत, आल्याचा न लिंबाचा सोडा करतो (घरात आई आहे). पहिला सिलेंडर दहा दिवसात खलास! दुसरा भरून आणला, काल ताज्या लिंबूपाण्याला १२ पीएसआय (प्रेशरचं माप) देऊन सिलेंडर बंद केला तर सकाळी काटा ५ वर. साबणाचं पाणी मारलं, एक बुडबुडा नाही. आणि सिलेंडर फ्रीजमध्ये ठेवल्यावर मोठा काटा (सिलेंडरच्या आतलं प्रेशर दाखवणारा) ९०० वरून ५५० वर आला, म्हणजे अर्धा उडाला का?

सातपूरचा फिटर
मोठा काटा विसर भाऊ. आत सीओटू पातळ असतो, शेवटचा थेंब संपेपर्यंत प्रेशर फक्त थंड-गरमवर ठरतं. फ्रीजमध्ये उतरणारच. किती उरलाय ते वजनकाट्यावर बघ, रिकाम्याचं वजन सिलेंडरवर ठोकलेलं असतं ते वजा कर.
दुसरं, तुझी टेस्टच चुकली, थंड पाणी गॅस पितं ना, लीक नसलं तरी काटा पडणार. रिकाम्या केगवर कर.
पण दहा दिवसात सिलेंडर संपला म्हणजे लीक पण आहेच. आधी केगवरून गॅसचा डिस्कनेक्ट (नळीच्या टोकाचा जोड) काढ, सिलेंडर बंद कर न रात्रभर ठेव. काटा पडला तर लीक रेग्युलेटर, नळी, क्लॅम्प यातच कुठंतरी, नाही पडला तर केगकडे.

नाशिकचा_सोडावाला
केगकडे निघाला तर झाकण आधी बघ, जुन्या केगला कमी प्रेशरवर ते नीट बसतच नाही, एकदा ३० देऊन बसव मग १२ वर आण. ओ-रिंगला (सील करणारी रबरी रिंग) व्हॅसलीन लावू नको राव, रबर फुगतं, फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीस मिळतं. आणि रेग्युलेटरच्या नटला टेफ्लॉन टेप गुंडाळलीय का? तिथं आट्यांनी सील होतच नाही, आतल्या वॉशरने होतं, रिफिलला गेलास की नवा टाकायचा.

इंदिरानगर_आजी
बाळा, सिलेंडर बंद खोलीत ठेवू नकोस हो, हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो न वास पण येत नाही. खिडकी उघडी असू दे.

गंगापूररोडकर
हो आजी, उचलून गॅलरीत ठेवला, उभाच.
फिटर दादा मानलं! डिस्कनेक्ट काढून ठेवला तर काटा हललाच नाही, मग रिकामा केग जोडला न बघितलं. गॅसच्या पोस्टवरची (केगचं तोंड, जिथं डिस्कनेक्ट बसतो) ओ-रिंग चिरलेली होती, डिस्कनेक्ट बसवल्यावर ती आत झाकली जाते म्हणून मी साबण नुसता वरून मारत होतो, खालच्या कडेला लावला तर फेसच फेस. टेफ्लॉन पण होतं नटला, गुपचूप काढलं. नवी रिंग टाकून रात्रभर १२ चे १२.
आता सोड्याला ग्लासात फेसच जास्त येतोय, नळाची नळी जेमतेम दोन फूट आहे, त्याच्यामुळे का?

सातपूरचा फिटर
त्याच्यामुळेच. त्याच मापाची दहा फूट घे, नाहीतर अर्धा गॅस ग्लासातच उडून जाईल.